बिदरचा राजा गाणगापूरला आला होता का?

गुरुचरित्राचा सप्ताह बसला, की सातव्या दिवशी वाचक पन्नासाव्या अध्यायाशी पोचतो. पुढच्याच अध्यायात श्रीगुरू नृसिंह सरस्वती निजगमनाला निघणार असतात, त्यामुळे मन तिकडे ओढलेलं असतं आणि पन्नासावा अध्याय भरभर वाचून होतो. इतिहासाच्या दृष्टीने मात्र सगळ्या ग्रंथातला सर्वांत विलक्षण अध्याय हाच. एक मुसलमान राजा आपल्या राजधानीतून निघून भीमा-अमरजेच्या संगमावर एका संन्याशाच्या दर्शनाला येतो, बरा होतो, आणि त्या संन्याशाला पालखीत बसवून आपल्या नगरात नेतो, अशी ही कथा आहे. राजाचं नाव ग्रंथात नाही. नगराचं आहे: वैदुरानगर, म्हणजे बिदर.

ही भेट झाली होती का? भाविकाला हा प्रश्न पडत नाही, आणि इतिहासकार बहुधा त्याच्या वाटेला जात नाही. दोघांनीही तो टाळू नये असं मला वाटतं, कारण त्यासाठी लागणारे कागद आपल्याजवळ आहेत. थोडे आहेत, वेगवेगळ्या भाषांतले आहेत, एकमेकांची ओळख नसलेले आहेत. पण आहेत.

आधी गुरुचरित्र काय सांगतं ते क्रमाने पाहू. कथेचं बीज नवव्या अध्यायात आहे. कृष्णाकाठी कुरवपुरात श्रीपाद श्रीवल्लभांची सेवा करणारा एक रजक असतो. एकदा नदीत नावेतून विहार करणाऱ्या यवन राजाचं वैभव त्याला दिसतं आणि त्याचं मन चळतं. श्रीपाद त्याला सांगतात, पुढच्या जन्मी तू वैदुरानगरात राजकुळात जन्मशील, आणि उतारवयात आपली भेट होईल, तेव्हा मी नृसिंह सरस्वती या नावाने असेन. पन्नासाव्या अध्यायात हे वचन पुरं होतं. राजा राज्य करतो आहे. पूर्वसंस्कारामुळे ब्राह्मणांबद्दल, देवळांबद्दल त्याच्या मनात द्वेष नाही. त्याच्या धर्माचे पुरोहित त्याला दोष देतात, पण तो ऐकत नाही. मग त्याच्या मांडीवर स्फोटक, म्हणजे गळू, उठतो. वैद्य हरतात. कोणी सांगतं म्हणून तो नगराजवळच्या पापविनाशी तीर्थावर स्नानाला जातो. तिथे एक यती भेटतो आणि साधुदर्शनाचा उपाय सांगतो. राजा सैन्यासह गाणगापूरला येतो. गावकरी भितात, विचारलं तरी बोलत नाहीत. शेवटी कळतं, की स्वामी संगमावर अनुष्ठानाला गेलेत. राजा वाहनातून उतरतो आणि पायी संगमाकडे जातो. स्वामी त्याला रजक म्हणून हाक मारतात, त्याला मागचा जन्म आठवतो, स्फोटक नाहीसा होतो.

यानंतरचा भाग वाचक सहसा विसरतो, आणि माझ्या मते तोच कळीचा. राजा स्वामींना बिदरला घेऊन निघतो. वाटेत स्वामी पुढे होऊन पापविनाशी तीर्थावर जाऊन बसतात. तिथे त्यांचा भक्त सायंदेव याचा मुलगा नागनाथ त्यांना भेटतो, आपल्या घरी नेतो, पूजा करतो, जेवू घालतो. मग स्वामी तीर्थावर परततात, राजा येतो, आणि मिरवणुकीने त्यांना नगरात नेतो.

हा नागनाथ कोण? ग्रंथकार सरस्वती गंगाधराचा पणजोबा.

पहिल्या अध्यायात सरस्वती गंगाधर आपली वंशावळ देतो. आपस्तंब शाखा, कौंडिण्य गोत्र, आडनाव साखरे. सायंदेव, त्याचा मुलगा नागनाथ, त्याचा देवराव, त्याचा गंगाधर, आणि गंगाधर व चंपा यांचा मुलगा तो स्वतः. मराठी आपल्याला नीट येत नाही, असंही तो तिथेच सांगतो. एक्केचाळिसाव्या अध्यायात सायंदेव गुरूंची स्तुती करतो तेव्हा मराठी ओव्यांच्या मध्ये कानडी पदं येतात. घराणं कडगंचीचं. कलबुर्गीहून आळंदला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव, आज त्याच्याच हद्दीत कर्नाटकाचं केंद्रीय विद्यापीठ उभं आहे. मराठी घरांत ज्या ग्रंथांची सर्वाधिक पारायणं होत आली, त्यांतला हा थोर ग्रंथ कानडी बोलणाऱ्या माणसाने लिहिला. सीमेवरच्या भाषावादात हे कोणी आठवत नाही, याचं मला नेहमी दुःख होतं.

घराण्याची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी. चौदाव्या अध्यायात सायंदेव एका यवन अधिकाऱ्याच्या चाकरीत आहे. तो अधिकारी दरवर्षी एका ब्राह्मणाला मारतो, आज त्याने सायंदेवाला बोलावलं आहे, आणि गुरू त्याला अभय देतात. चमत्काराचा भाग बाजूला ठेवला तरी एवढं उरतं, की हे घराणं बहामनी राज्यकारभाराच्या आसपास वावरणारं होतं. ज्यांचा दरबाराशी रोजचा संबंध, त्यांच्याकडे दरबाराच्या बातम्या पोचतातच. सुलतानाचा पाय दुखतो आहे ही बातमीसुद्धा.

आता दुसरीकडचे कागद. बहामनी सुलतानांचा इतिहास ज्यांच्यावरून लिहिला जातो ते दोन मुख्य फारसी ग्रंथ म्हणजे अहमदनगरच्या निजामशाहीत सोळाव्या शतकाच्या शेवटी तबातबाने लिहिलेला 'बुरहाने मआसिर' आणि विजापूरला इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या आश्रयाने मुहम्मद कासिम फिरिश्ता याने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला पुरा केलेला 'गुलशने इब्राहिमी'. बिदर राजधानी केली ती अहमदशहा वलीने. त्याच्यामागून १४३६ मध्ये त्याचा मुलगा अलाउद्दीन अहमद दुसरा गादीवर आला आणि १४५८ पर्यंत त्याने राज्य केलं. नृसिंह सरस्वतींचा गाणगापूरचा काळ आणि या सुलतानाचा राज्यकाल एकमेकांवर बसतात. म्हणूनच पन्नासाव्या अध्यायातला राजा म्हणजे हाच, असा कयास दत्तसंप्रदायाच्या अभ्यासकांत रूढ झाला.

पण नुसता काळ जुळणं म्हणजे पुरावा नव्हे. जुळतं ते याहून नेमकं आहे. फिरिश्ता सांगतो, की राज्याच्या उत्तरार्धात, १४५५ च्या सुमाराला, सुलतानाच्या पायाला दुखणं झालं. ते बरं होईना. सुलतान महालाबाहेर पडेनासा झाला, आणि तो मेला असून सरदार ही गोष्ट लपवून ठेवताहेत अशी आवई उठली. तेलंगणात नलगोंड्याचा जलाल खान आणि त्याचा मुलगा सिकंदर खान यांनी या आवईवर बंड केलं. सिकंदराने माळव्याच्या महमूद खिलजीला कळवलं, की दख्खनचा सुलतान उरलेला नाही, चालून या. खिलजी आला. माहूरच्या बाजूला सुलतान जिवंत आहे आणि फौज घेऊन समोर येतो आहे हे कळल्यावर तो माघारी फिरला. याच मोहिमेत नलगोंड्याचा वेढा एका इराणी व्यापाऱ्याकडे सोपवला गेला. हा महमूद गावान, पुढे बिदरचा वजीर आणि तिथल्या मदरशाचा निर्माता. आणि शेवटी, १४५८ मध्ये, अलाउद्दीन त्याच पायाच्या दुखण्याने गेला.

एक दुखणं. दोन परंपरा. एक फारसी, दरबारी, सुलतानांच्या लढाया नोंदणारी. दुसरी मराठी, मठातली, गुरूच्या लीला सांगणारी. फिरिश्ताने गुरुचरित्र वाचलं असण्याचा संभव नाही, आणि सरस्वती गंगाधर तर त्याच्या आधीचा. दोघांच्याही लेखी बिदरच्या राजाला पायाचा न भरणारा विकार होता आणि वैद्यांचं काही चाललं नाही. गुरुचरित्र मांडी म्हणतं, फिरिश्ताचा रोख पायाच्या खालच्या भागाकडे आहे. एवढा फरक ऐकीव बातमीत पडणारच. उलट तो नसता तर एकाने दुसऱ्याचं उचललं, असा संशय आला असता.

वैद्यांबद्दलही फिरिश्ताकडे एक मोलाची नोंद आहे. याच अलाउद्दीनने बिदरमध्ये मोठं रुग्णालय बांधलं, औषधं आणि रुग्णांचं जेवण यांच्या खर्चासाठी गावं लावून दिली, आणि त्यावर मुसलमान हकीम व हिंदू वैद्य दोन्ही नेमले. पंधराव्या शतकातल्या दख्खनमधली ही सार्वजनिक दवाखान्याची सोय आजही वाचताना मन भरून येतं. राजावर उपचार करून करून वैद्य थकले, असं ओवीत येतं तेव्हा ते वैद्य कोण असतील याचा अंदाज या नोंदीतून करता येतो. स्वतः दवाखाना बांधणाऱ्या राजाचं दुखणं त्याच्या वैद्यांना आवरेना, आणि मग तो तीर्थांकडे आणि साधूंकडे वळला. माणूस आजही असंच करतो.

इथपर्यंत सगळं छान जुळतं. म्हणूनच इथे थांबता येत नाही, कारण न जुळणारंही पुष्कळ आहे.

फिरिश्ताच अलाउद्दीनबद्दल लिहितो, की तो ब्राह्मणांशी आणि ख्रिस्त्यांशी बोलत नसे, आणि त्यांना कारभारातल्या जागा देत नसे. ब्राह्मणांना मान देणारा पन्नासाव्या अध्यायातला राजा आणि हा राजा यांचा मेळ कसा घालायचा? काही लेखक हे वाक्य गाळून मोकळे होतात. तसं करू नये. तसं करायची गरजही नाही, कारण गुरुचरित्रातच बिदरचं दुसरं चित्र आहे. पंचविसाव्या अध्यायात विदुरा नगरीचा यवन राजा क्रूर आणि ब्राह्मणद्वेष्टा आहे, आणि द्रव्याच्या लोभाने त्याच्यासमोर वेद म्हणणारे दोन उन्मत्त ब्राह्मण जयपत्रं घेऊन कुमसीच्या त्रिविक्रम भारतींना छळायला येतात. म्हणजे ग्रंथकाराला बिदरचं तख्त सरसकट गोड रंगवायचं नव्हतं. तिथे द्वेष होता हे त्याला ठाऊक आहे, आणि त्याच तख्तावर बसलेला एक माणूस पायी चालत संगमावर आला हेही तो सांगतो. राज्यकर्त्याचं जाहीर धोरण आणि आजारपणातली त्याची वागणूक एकच असते असं कुठे आहे? ज्या सुलतानाच्या दवाखान्यात हिंदू वैद्य पगारी होते, आणि ज्याच्या महालात कोकणातल्या संगमेश्वरच्या राजाची मुलगी परिचेहरा म्हणून नांदत होती, त्याच्याबद्दल फिरिश्ताचं ते वाक्य पूर्ण सत्य मानणं मला जड जातं.

दुसरी अडचण जास्त खोल आहे, आणि ती तारखेची आहे.

एक्कावन्नाव्या अध्यायात श्रीगुरूंच्या निजगमनाची तिथी येते: बहुधान्य संवत्सर, कन्या राशीत गुरू, शिशिर ऋतू, माघ वद्य प्रतिपदा, शुक्रवार. हीच आपली गुरुप्रतिपदा. एवढे तपशील एकत्र असले की ते पडताळून पाहता येतात. बहुधान्य हा साठ संवत्सरांतला बारावा. शके १३८० हे दक्षिणेकडच्या गणनेने बहुधान्य संवत्सर. त्या वर्षीची माघ पौर्णिमा गणित करून काढली, तर ती गुरुवार १८ जानेवारी १४५९ च्या रात्री, उत्तररात्रीपर्यंत टिकते. ही तारीख अर्थात त्या काळच्या ज्युलियन कालगणनेची. म्हणजे सूर्योदयाला प्रतिपदा लागलेली असते ती शुक्रवार, १९ जानेवारीला. वार जुळला. गुरू ग्रह त्या वेळी कन्या राशीच्या मध्याच्या आसपास येतो. तोही जुळला. साठ वर्षं आधीच्या बहुधान्यात गुरू सिंहेत राहतो, साठ वर्षं नंतरच्या बहुधान्यात तुळेत जातो. म्हणून शके १३८० शिवाय दुसरं वर्ष इथे बसत नाही. ओवीत कुंभ संक्रांतीचाही उल्लेख आहे. ती याच चांद्रमासात, पण या तिथीनंतर आठवडाभराने येते. एवढी एक बारीक विसंगती मोकळेपणाने नोंदवून ठेवतो.

हे गणित मला फार महत्त्वाचं वाटतं. चार पिढ्यांनंतर बसून कोणी मनाने तिथी रचली असती तर संवत्सर, वार आणि गुरूची रास या तिन्हींचा मेळ बसणं कठीण होतं. म्हणजे सरस्वती गंगाधराच्या हाताशी लिहिलेली किंवा काटेकोरपणे पाठ केलेली नोंद होती. कडगंचीच्या घरात काहीतरी जपून ठेवलेलं होतं.

आता अडचण. सुलतान वारला १४५८ मध्ये. गुरू गेले जानेवारी १४५९ मध्ये. पण पन्नासाव्या अध्यायाच्या शेवटी गुरू राजाला सांगतात, की राज्य मुलांच्या हाती देऊन श्रीशैलावर ये, तिथे आपली भेट होईल. अलाउद्दीनने राज्य मुलाच्या हाती दिलं नाही. तो गादीवरच मेला, आणि त्याच्या मृत्यूनंतर काही सरदारांनी धाकट्या हसन खानाला तख्तावर बसवायचा प्रयत्न केला. थोरल्या हुमायूनने तो मोडून काढला. इतिहासात तो हुमायून जालीम याच नावाने राहिला. श्रीशैलाची भेट यात कुठेच बसत नाही. अलाउद्दीनची कबर बिदरजवळ अष्टूरला, वडिलांच्या कबरीशेजारी आहे.

मग निष्कर्ष काय काढायचा? राजाला अलाउद्दीन मानणं सोडून द्यायचं, की अध्यायाचा शेवट भक्तीने जोडलेला धरायचा? मी दुसऱ्या बाजूला आहे. गोष्टीचा मधला भाग, म्हणजे दुखणं, पापविनाशी, संगम, नागनाथाचं घर, हा एका ओळखीच्या मुलखातला आणि ओळखीच्या माणसांचा आहे. शेवटची भेट ही नवव्या अध्यायातल्या वचनाची पूर्तता आहे. वचन दिलं की ते फेडावं लागतं, कथेचा धर्मच तो. तिथे स्मरणापेक्षा श्रद्धेने काम केलं असावं.

या जागी मला दूरच्या एका तीर्थक्षेत्राची आठवण होते. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात सांतियागो दे कोम्पोस्तेला हे शहर आहे. हजार वर्षांहून अधिक काळ युरोपभरचे लोक तिथे पायी जात आले आहेत. पंढरीच्या वारीसारखंच, पण वेगवेगळ्या देशांतून येणाऱ्या अनेक वाटांचं. तिथली मूळकथा अशी: नवव्या शतकात पेलायो नावाच्या एकांतवासी साधकाला रात्री रानात प्रकाश दिसले, इरिया फ्लाव्हियाच्या तेओदोमिरो नावाच्या बिशपने जाऊन पाहिलं तर येशूच्या शिष्याची, संत याकोबाची समाधी सापडली, आणि बातमी ऐकून अस्तुरियासचा राजा अल्फोन्सो दुसरा आपल्या राजधानीतून, ओव्हिएदोहून, दर्शनाला आला. पहिला यात्रेकरू तोच, असं परंपरा मानते. तिथेही राजा, तिथेही राजधानीपासून तीर्थापर्यंतची वाट. आणि तिथेही कागद उशिराचा. ही हकिकत सांगणारा सर्वांत जुना दस्तऐवज १०७७ चा आहे, म्हणजे घटनेनंतर सुमारे अडीचशे वर्षांनी, एक बिशप आणि एक मठाधिपती यांच्यात झालेला करार. अल्फोन्सोच्या नावावर ८३४ चं दानपत्र आहे, पण ते नंतरच्या नकलेतून आलेलं आणि वादग्रस्त.

म्हणून इतिहासकार तेओदोमिरो हा माणूस तरी होता का, अशी शंका घेत. पुढे कॅथेड्रलच्या जमिनीखाली उत्खनन चाललं असताना १९५५ मध्ये एका कबरीवरची शिळा मिळाली. तिच्यावर तेओदोमिरोचं नाव आणि मृत्यूची तारीख कोरलेली होती: ऑक्टोबर ८४७. संताची समाधी खरी की नाही हे त्या शिळेने ठरत नाही, राजा आला होता हेही ठरत नाही. पण कथेतला एक माणूस खरा होता, आणि तो आपल्या बिशपपदाच्या गावी न पुरता त्या नव्या तीर्थावर पुरला गेला, एवढं पक्कं झालं. उशिरा लिहिलेल्या भक्तिकथेकडे बघण्याची इतिहासकारांची नजर त्यामुळे बदलली.

गाणगापूरच्या बाबतीत अशी शिळा नाही. पण जवळजवळ त्याच तोलाचा एक साक्षीदार आहे, आणि तो रशियन आहे. त्वेर शहरचा व्यापारी अफनासी निकितिन चौलला उतरला, जुन्नरमार्गे बिदरला पोचला, आणि १४७० च्या आसपासची काही वर्षं या मुलखात राहिला. गुरूंच्या निजगमनाला तेव्हा जेमतेम दहा-पंधरा वर्षं झाली होती. त्याच्या वहीत गाणगापूर नाही. पण दोन गोष्टी आहेत. बिदरपासून बारा कोसांवर शेख अलाउद्दीनच्या स्थानावर वर्षातून एकदा दहा दिवस बाजार भरतो, साऱ्या देशातले लोक येतात, वीस हजारांपर्यंत घोडे विकायला आणतात, असं तो लिहितो. हे ठिकाण म्हणजे आळंद, लाडले मशायख या नावाने आजही ओळखला जाणारा तिथला दर्गा, आणि बाजार म्हणजे तिथल्या उरुसाची जत्रा. कडगंची याच आळंद तालुक्यात. दुसरी गोष्ट, बिदरमध्ये ओळख झालेल्या हिंदूंबरोबर तो 'पर्वता'ला गेला. महिनाभराची वाट, तिथे देऊळ, शिवरात्रीला लोटलेली गर्दी. हिंदूंचं जेरुसलेम ते हेच, असं तो म्हणतो. हा पर्वत म्हणजे श्रीशैल.

जे श्रीशैल गुरुचरित्राच्या शेवटी येतं तेच. बिदरच्या सुलतानाच्या राज्यातून हिंदू यात्रेकरू तिकडे थव्याने जात होते, एक परदेशी ख्रिस्ती त्यांच्यासोबत जाऊ शकत होता, आणि घोड्यांचा बाजार एका सूफीच्या उरुसात भरत होता. पन्नासाव्या अध्यायातल्या राजाचं संगमावर येणं या जगात अशक्य वाटत नाही. निकितिनने सुलतानाची स्वारीही वर्णिली आहे: दहा हजार घोडेस्वार, पन्नास हजार पायदळ, दोनशे हत्ती. अशी स्वारी अचानक गावात शिरली तर गावकऱ्यांची वाचा बसणारच. गाणगापूरचे लोक भिऊन गप्प राहिले, ही ओवी लिहिणाऱ्याने स्वारी पाहिली असावी किंवा पाहिलेल्याकडून ऐकली असावी.

सुलतानाच्या घरातही असं येणंजाणं नवं नव्हतं. वडील अहमदशहा वली सूफींचे भक्त, किरमानच्या शाह नेमतुल्लांचे अनुयायी. त्यांच्या अष्टूरच्या कबरीत सूफी परंपरांचे शिजरे रंगवलेले आहेत. त्याच कबरीवर दरवर्षी होळीनंतरच्या दिवसांत उरूस भरतो, तोही हिंदू पंचांगाप्रमाणे. आळंद तालुक्यातल्या माडियाळचे लिंगायत जंगम शंख फुंकत, लोकांना सोबत घेऊन पायी येतात आणि त्यांच्यामुळे उरुसाला सुरुवात होते. लिंगायत भक्त अहमदशहाला अल्लमप्रभूंचा अवतार मानतात. गुलाम यझदानींनी १९४७ मध्ये छापलेल्या बिदरवरच्या ग्रंथात ही प्रथा सविस्तर नोंदली आहे. ज्या राजाला लिंगायत आपला म्हणत, त्याच्या मुलाला दत्तभक्तांनी आपला म्हटलं, यात मला काहीच अनैसर्गिक दिसत नाही.

एक विरोधी मुद्दा अजून राहतो. मठ-देवळांच्या भोवती अशा कथा पिकतात त्या इनामांसाठी. राजा आला, बरा झाला, गाव दिलं, सनद दिली. असंख्य स्थळमाहात्म्यं या चालीची आहेत. पन्नासावा अध्याय या कसोटीवर उतरतो तो कशामुळे? त्यात गाणगापूरला कसलंही इनाम मिळत नाही. उलट या भेटीचा परिणाम म्हणून गुरू गाणगापूर सोडायचा विचार करतात. राजा येऊन गेल्याने स्थान प्रकट झालं, आता नाना प्रकारचे लोक येतील, तेव्हा गुप्त व्हावं. मठाला राजाच्या भेटीचा फायदा मिळवून द्यायचा असता तर कथेने ती भेट गुरूंच्या जाण्याचं कारण बनवली नसती. लबाडीने रचलेल्या कथेत असा तोटा लिहून ठेवला जात नाही. माझ्या मनात या अध्यायाबद्दल जो विश्वास आहे, त्यातला मोठा वाटा या एका गोष्टीचा आहे.

साधनांच्या वयाचाही हिशोब करायला हवा. दरबारी बखरी म्हणजे पुरावा आणि पोथी म्हणजे श्रद्धा, अशी विभागणी आपण सवयीने करतो. पण फिरिश्ता लिहीत होता अलाउद्दीनच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी. सरस्वती गंगाधर नागनाथाचा पणतू. पिढीला पंचवीस-तीस वर्षं धरली तर तो घटनेपासून ऐंशी-नव्वद वर्षांच्या आत येतो, म्हणजे सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात. अलाउद्दीनच्या पायाच्या दुखण्याबद्दल या दोहोंत घटनेच्या जवळचा साक्षीदार पोथी ठरते. पोथीला चमत्कार हवे आहेत, बखरीला लढाया. दोन्हींच्या हव्यासातून निसटलेला तपशील म्हणजे ते न भरणारं दुखणं, आणि म्हणूनच तो सर्वांत भरवशाचा.

तेव्हा काय सिद्ध होतं ते स्पष्ट सांगतो. नृसिंह सरस्वतींच्या प्रयाणाची तिथी ठोस आहे. त्या काळात बिदरच्या तख्तावर पायाच्या असाध्य विकाराने पछाडलेला सुलतान होता. बिदरजवळ ज्या कुटुंबाने गुरूंना घरी नेलं, त्याच कुटुंबात पुढे ग्रंथकार जन्माला आला. सुलतान गाणगापूरला आला, याला फारसी आधार नाही. ही भेट केवळ त्या कुटुंबाच्या शब्दावर उभी आहे. आला असेल तर १४५५ ते १४५८ या काळात, आवई आणि बंडाच्या धामधुमीनंतर. श्रीशैलाची पुनर्भेट इतिहासात धरता येत नाही. मला विचाराल तर, तो आला होता असं मी मानतो, आणि हे मानणं आहे, सिद्धता नव्हे, हेही त्याच दमात सांगतो.

गाणगापूरला जाणारे बहुतेक जण गाणगापूर रोड स्टेशनावर उतरतात, निर्गुण पादुकांचं दर्शन घेतात, संगमावर स्नान करतात, दुपारी माधुकरी मागतात आणि परततात. पन्नासावा अध्याय ज्यांना जिवाजवळचा वाटतो त्यांनी एकदा राजाच्या वाटेने जावं. आधी बिदरचा किल्ला, मग शहराजवळच्या दरीतलं पापनाश, जिथे महादेवाचं देऊळ आणि कुंड आहे. इथे एक घोटाळा टाळावा. गाणगापूरच्या अष्टतीर्थांतही पापविनाशी आहे, एकोणपन्नासाव्या अध्यायात गुरूंची बहीण रत्नाई जिथे कुष्ठमुक्त होते ते. राजा प्रथम गेला ते बिदरचं. मग अष्टूर, तिथे अलाउद्दीनची कबर, काळ्या दगडाच्या कडा आणि मिन्याच्या फरशांचे अवशेष. तिथून हुमनाबादमार्गे कलबुर्गी, आळंद रस्त्याने कडगंचीला सायंदेवांच्या गावी जाऊन परत, आणि मग अफजलपूर तालुक्यातलं गाणगापूर. सगळं मिळून दोनशे किलोमीटरच्या आसपास. गावापासून संगमापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र चालत जावा. राजा तिथे वाहनातून उतरला होता, असं ओवी सांगते.